आवरलेली पत्रे

हरवलेली वस्तू आणि आवरून ठेवलेली वस्तू यांतील भेद आमच्या घरांतील स्त्रियांस पूर्वापार ठाऊक आहे. पुरुषांस तो उतारवयातच उमगतो असे दिसते. चकलीचा सोऱ्या किंवा गौरींचे मुखवटे वर्षभर दृष्टीस पडत नाहीत, म्हणून ते हरवले असे कोणी म्हणत नाही. ते माळ्यावरच्या अमुक पेटीत, तमुक फडक्यात बांधलेले आहेत, हे घरातील एकीस तरी पक्के ठाऊक असते. हेच ज्ञान पत्रव्यवहारास लावण्याचा प्रसंग गेल्या पौषात माझ्यावर आला, आणि जन्मभर मुलांस ‘वही कोठे ठेवलीस?’ म्हणून दरडावणाऱ्या या मास्तरास स्वतःच निरुत्तर व्हावे लागले. ती हकीकत या महिन्यात सांगण्याचे योजिले आहे. तीत माझी फजिती असली, तरी वाचकांच्या उपयोगाचेही काही आहे.

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून घरी परतलो, तो मोबाईलवर अमेरिकेतील पुतणीचे पत्र आलेले. माझे धाकटे बंधू नोकरीनिमित्त तिकडे गेले, तेथेच स्थायिक झाले आणि 2021 साली तेथेच निवर्तले. ही त्यांची एकुलती कन्या. तिने लिहिले होते, ‘काका, बाबा दर रविवारी आजीला फोन करून ती जे सांगेल ते लिहून घ्यायचे आणि तुम्हाला मेलने पाठवायचे, असं आई सांगते. मला आता मुलगी झाली आहे. ती पत्रं तुमच्याकडे असतील का?’

मी तत्काळ उत्तर धाडले, ‘आहेत. दोन दिवसांत पाठवितो.’ हे लिहिताना मनात तिळमात्र शंका नव्हती.

ही पत्रे कसली होती, ते सांगितले पाहिजे. 2006 ते 2008 या काळात बंधूंनी अशी चौदा पत्रे पाठविली होती. आई सांगत असे आणि हे तिकडे टंकलिखित करीत. गिरणीच्या कोणत्या भोंग्यास चूल पेटवावयाची आणि कोणत्या भोंग्यास पाने मांडावयाची, येथून आरंभ होऊन मेतकुटाचे प्रमाण, नवरात्रातील आमच्या घरची रीत, सासूबाईंनी शिकविलेल्या आरत्यांच्या चाली, उत्तर कसब्यातील वाड्याच्या विहिरीस पाणी कसे लागले ते, आणि घराण्यातील सात पिढ्यांची नावे, असे सर्व त्यांत होते. आई 2011 साली गेली. सांगणारी गेली, लिहिणाराही गेला. राहिला तो केवळ ज्यास लिहिले तो. तो मी.

रात्री मोबाईल घेऊन बसलो. ‘इनबॉक्स’ नामक जे आगत पत्रांचे दालन असते, ते वरपासून खालपर्यंत चाळले. विजेची देयके, बँकेच्या सूचना, पेन्शनरांच्या मंडळाची निमंत्रणे, असे सर्व सापडले. बंधूंचे एकही पत्र सापडले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळले. तिसऱ्या दिवशी मनाशी कबूल केले की पत्रे गेली. पुतणीस काय लिहावे, या विवंचनेत त्या रात्री झोप लागली नाही. आईची एक ट्रंकभर लुगडी आम्ही जपून ठेवली होती, आणि तिचे बोलणे मात्र हातून निसटू दिले होते.

सकाळी माझा उतरलेला चेहरा पाहून थोरल्या बंधूंचा नातू, जो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे, त्याने कारण विचारले. मी सांगितले. तो म्हणाला, “आबा, तुम्ही ती टाकून दिलीत की आवरून ठेवलीत?”

“दोन्ही नाही. ती गेली.”

“आपणहून कुठे जात नाहीत. बाबांनी मागे तुमचा फोन बदलला, तेव्हा काय केलं होतं?”

तेव्हा स्मरण झाले. काही वर्षांपूर्वी पुतण्याने नवा मोबाईल आणून दिला, तेव्हा म्हणाला होता, “काका, पाच हजार पत्रं साचली आहेत. आवरून देऊ?” मी वर्तमानपत्रातून डोके न काढता “दे बाबा” म्हणालो होतो. त्याने ती आवरली, म्हणजे ‘आर्काइव्ह’ केली. पूर्वी कचेरीत ज्यास ‘दप्तरी दाखल’ म्हणत, तेच हे. कागद साहेबाच्या मेजावरून उठतो आणि दप्तरखान्यात जातो. फाटत नाही, जळत नाही, केवळ नजरेआड होतो.

ही सोय निर्माण कशी झाली, हेही जाणण्यासारखे आहे. आपल्या देशात सामान्य जनतेस इंटरनेट खुले झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. त्यानंतरच्या वर्षांत ज्या फुकट डाकपेढ्या निघाल्या, त्यांत प्रत्येकास जागा अत्यल्प मिळे. हॉटमेलवर ती अवघी दोन एमबी होती. जागा भरली की नव्या पत्रासाठी जुने टाकून द्यावे लागे. 1 एप्रिल 2004 रोजी गूगलने जीमेल सुरू केले, तेव्हा एकदम एक जीबी, म्हणजे पाचशेपट जागा देऊ केली. त्या तारखेमुळे अनेकांस ती थट्टाच वाटली. पण जागा खरोखरच मुबलक झाल्यामुळे टाकून देण्याची निकड उरली नाही, आणि ‘टाका’ याच्या जोडीस ‘आवरून ठेवा’ ही कळ आली. दोन्ही कळा शेजारी-शेजारी असतात, आणि दाबल्यावर दोन्हींचा दिसणारा परिणाम एकच: पत्र समोरून नाहीसे होते. माझ्यासारख्यांची फसगत होते ती येथे. अँड्रॉइडच्या मोबाईलवर तर जीमेलमधील पत्रावर बोट आडवे सरकले तरी ते आवरले जाते. ती मुळातलीच योजना आहे.

बहुतेक वाचकांची डाक जीमेलवर असते, म्हणून तेथील शोधाची रीत प्रथम सांगतो. मोबाईलवर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात. त्या दाबल्या की एक यादी उघडते. तीत बरेच खाली ‘ऑल मेल’ असे दालन आहे. संगणकावर हेच डाव्या बाजूच्या ‘मोअर’ या शब्दाखाली मिळते. आवरलेले प्रत्येक पत्र येथे असते. वस्तुतः ते पूर्वीही येथेच होते. त्यावरची ‘इनबॉक्स’ ही चिठ्ठी तेवढी काढली गेली. पत्र उघडून ‘मूव्ह टु इनबॉक्स’ ही आज्ञा दिली की चिठ्ठी पुन्हा लागते. आवरलेल्या पत्रास कोणी उत्तर पाठविले, तरी ते आपणहून समोर येते.

परंतु हजारो पत्रांत हवे ते कसे गाठावे? वरच्या शोधपट्टीत नाव लिहून पाहावे. संगणकावर त्या पट्टीच्या उजव्या टोकास एक खूण आहे. ती दाबल्यास लहानसा तक्ता उघडतो. पाठविणारा कोण, विषय काय, कोणत्या तारखेच्या आगेमागे, सोबत काही जोडले होते काय, असे प्रश्न त्यात असतात. तीर्थक्षेत्रीचा उपाध्याय गाव आणि आडनाव विचारतो आणि वहीतून आपल्या पणजोबांची सही काढून दाखवितो. तशातलाच हा प्रकार. ध्यानात ठेवण्याजोगे असे की साधा शोध कचऱ्याच्या आणि संशयित पत्रांच्या दालनांत शिरत नाही. तक्त्यात तीही दालने निवडावी लागतात. आउटलुक वापरणाऱ्यांनी ‘आर्काइव्ह’ नावाचाच स्वतंत्र कप्पा पाहावा. संगणकावरील जुन्या आउटलुकमध्ये जुनी पत्रे एका वेगळ्या फाईलमध्ये आपोआप हलविण्याची योजना असे. ती फाईल त्या संगणकाच्याच पोटात राहते, मोबाईलवर दिसत नाही. म्हणून जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याचे पोट एकदा तपासावे.

मी प्रथम ‘आई’ हा शब्द देवनागरीत लिहून शोधला. काही मिळाले नाही. मग बंधूंचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि 2006 ते 2008 ही मर्यादा घातली. पडद्यावर एकाखाली एक अकरा ओळी उमटल्या. त्या काळी विषय इंग्रजी लिपीत लिहिण्याची त्यांस सवय होती, हे मी विसरलो होतो. आपण आज कसे लिहितो हे न पाहता लिहिणाऱ्याने तेव्हा कसे लिहिले असेल, याचा विचार शोधणाऱ्याने करावा, हा धडा मला येथे मिळाला.

आनंद फार वेळ टिकला नाही. पत्रास जोडलेला मजकूर उघडला, तो केवळ इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि कंस यांची खिचडी! नातू हसला. त्या काळात पुष्कळ लोक मराठी लिहिण्यासाठी विशिष्ट टंक वापरीत. त्यांत आत इंग्रजी अक्षराचाच संकेत असे आणि टंकाच्या मुखवट्यामुळे ते मराठी दिसे. मुखवटा गेला की बोध गेला. आता सर्व भाषांच्या अक्षरांस स्वतंत्र क्रमांक देणारी ‘युनिकोड’ ही पद्धती रूढ आहे, त्यामुळे हा घोटाळा होत नाही. नातवाने तो जुना टंक मिळवून संगणकावर बसविला, आणि क्षणात मजकूर वाचता येऊ लागला. मग त्याने एका रूपांतर करणाऱ्या साधनाने तो युनिकोडमध्ये उतरविला. काही जोडाक्षरे बिघडली. ती मी हाताने दुरुस्त केली. विद्यार्थ्यांचे शुद्धलेखन तपासण्याची सवय या वयात कामास आली.

या वेळी मला मोडीची आठवण झाली. पेशवाईतील लाखो कागद जपलेले आहेत. पण मोडी वाचणारे विरळ झाल्यावर त्यांतील पुष्कळसे कागद मुके झाले. कागद असणे आणि तो वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडीस अंतर पडावयास पिढ्या लोटल्या. आमच्या पत्रांस वीस वर्षेही पुरली नाहीत.

आता उरलेल्या तीन पत्रांविषयी. तीही शोधली, कचऱ्याच्या दालनातही पाहिले. तेथे काही असण्याचा संभव नव्हता. टाकलेले पत्र जीमेलवर तेथे तीस दिवस राहते आणि मग कायमचे जाते. इतर ठिकाणीही अशाच मुदती असतात. मग आठवले, एकदा ‘जागा भरली’ अशी सूचना आली असता मी स्वतः बसून जड पत्रे निवडून काढून टाकली होती. ही तीन जड होती, कारण त्यांत बंधूंनी आईची छायाचित्रे घातली होती. वजन पाहून टाकावयाचे ठरविले की सर्वांत मोलाचे तेच प्रथम जाते. यात दोष ना यंत्राचा, ना डाकपेढीचा. तो माझा आहे.

तथापि, पत्रास दोन टोके असतात, आणि कधी कधी दोहोंहून अधिक. मिरजेस संस्कृतचे शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे (1858–1924) यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वर्षानुवर्षे तपासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडशः प्रसिद्ध केला, हे जुन्या पिढीतील वाचकांस ठाऊक असेल. छावणीतून लिहिणाऱ्याचे दप्तर लढाईच्या धामधुमीत कोठे गेले कोण जाणे. पण ज्या घरी पत्र पोचले, तेथे ते राहिले. म्हणून लिहिणाऱ्याकडे नसेल ते मिळविणाऱ्याकडे शोधावे. माझी थोरली बहीण मिरजेसच दिलेली आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, “अरे, मलाही पाठवायचा तो. मी काही काढून टाकत नाही. मला काढताच येत नाही.” तिच्या मोबाईलवर नातवाने दुरूनच सांगून शोध करविला. तिच्या अज्ञानामुळे एक पत्र वाचले! दोन मात्र गेली ती गेली. त्यांतील एकात सात पिढ्यांच्या नावांपैकी तीन पिढ्या होत्या.

लिहिणाऱ्याच्या टोकाकडेही आम्ही पाहिले. बंधूंच्या स्वतःच्या खात्यात, ‘पाठविलेली पत्रे’ या दालनात, चौदाही असावयास हवी होती. भावजयीने ते खाते उघडण्याचा यत्न केला, तेव्हा कळले की पुष्कळ काळ कोणी न उघडल्यामुळे ते बंद होऊन आतील सर्व पुसले गेले आहे. सूचना आल्या असतील, त्याच खात्यावर. वाचणारा कोण होता?

येथे मला या सर्व प्रकरणाचे मर्म सापडले, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर तिचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुण्याच्या पेशवे दप्तरात आज सुमारे 27 हजार मराठी रुमाल आहेत. जमिनी आणि इनामांच्या तंट्यांत पुरावा म्हणून लागत, तेवढ्यापुरते ते कागद पाहिले जात. बाकी काळ ते फडक्यांत बांधलेले पडून होते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सहाय्यक घेऊन ते धुंडाळले, आणि 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड बाहेर पडले. शंभराहून अधिक वर्षांची उपेक्षा सोसूनही कागद वाट पाहत राहिले होते. वाळवीने काही खाल्ले, पावसाने काही भिजविले. तरी पुष्कळ उरले. कागदाची गोष्ट अशी की त्याच्याकडे दुर्लक्ष केले तरी तो बहुधा टिकतो. ई-पत्राची गोष्ट याच्या उलट आहे. ते दुर्लक्षानेच मरते. गूगलने मे 2023 मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतील पत्रे-छायाचित्रांसह काढून टाकली जातील, आणि डिसेंबर 2023 पासून त्याचा अंमल सुरू झाला. इतर पेढ्यांचेही आपापले नियम आहेत. वडिलांचे दप्तर माळ्यावर टाकून नातवाने उघडावे, ही चैन या नव्या दप्तरास परवडत नाही. आवरलेले सापडते खरे, परंतु घराचे दार उघडे ठेवणारा कोणी तरी असेल तरच.

तेव्हा घरोघरच्या कर्त्या मंडळींनी काही गोष्टी वेळीच कराव्यात. पहिली, आपल्या खात्यास जोडलेला फोनक्रमांक चालू आहे ना, हे पाहावे. जुना क्रमांक सोडून दिला आणि खात्यात तोच राहिला, तर पासवर्ड विसरल्यावर आत जाण्याची वाट बंद होते. दुसरी, आपल्यामागे खात्याचे काय व्हावे, हे आपणच लिहून ठेवावे. गूगलने 2013 पासून ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय ठेविली आहे. आपण ठरविलेल्या मुदतीत खाते वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या दहापर्यंत व्यक्तींस कळविले जाते, आणि आपली संमती असेल तर आतील संग्रहही दिला जातो. मृत्युपत्र करण्याइतकेच हे सरळ काम आहे, आणि तितकेच आपण ते टाळतो. संमतीवाचून मात्र कोणाचे खाते, मग तो आपला दिवंगत पिता का असेना, चोरवाटेने उघडू नये. परक्याचे पत्र वाचू नये, हा आपल्या घरांतील जुना संस्कार आहे. त्यास यंत्राने अपवाद केलेला नाही.

तिसरी गोष्ट, एकच प्रत ठेवू नये. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलमधील एका सुधारणेतील दोषामुळे काही खातेदारांची पत्रे एकाएकी दिसेनाशी झाली. अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रतींवरही त्या दोषाचा परिणाम झाला होता. अखेर ती परत मिळाली ती चुंबकीय फितींवर स्वतंत्र राखलेल्या नकलेतून. ती फीत यंत्रापासून अलग असल्यामुळे दोष तेथवर पोचला नव्हता. एवढी मोठी पेढी जर अलग नक्कल ठेवते, तर आपण का ठेवू नये? गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीने सर्व पत्रांची फाईल घरी उतरवून घेता येते आणि ‘थंडरबर्ड’सारख्या मोफत साधनात वाचता येते. आणि ज्या दहा-वीस पत्रांत घराचा जीव आहे, ती चांगल्या कागदावर छापून, दोरा घालून ठेवावीत. हा उपाय जुना आहे, पण त्याचा पासवर्ड कोणी विसरत नाही.

असो. बारा पत्रांची मी एक वही करविली, तिच्या चार प्रती काढल्या. एक मिरजेस, एक थोरल्या बंधूंकडे, एक आमच्या देवघरातील फडताळात, आणि एक पुतणीस धाडली. सोबत लिहिले की दोन पत्रे माझ्या हातून गेली आहेत, त्याची क्षमा असावी. गेलेल्या तीन पिढ्यांची नावे शोधण्यासाठी चैत्रात त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांकडे जाऊन त्यांच्या वह्या पाहण्याचे ठरविले आहे.

तिचे उत्तर आले. तिने लिहिले होते, ‘काका, मेतकूट केलं. आजीनं लिहिलंय तसं डाळ आधी मंद भाजली. घरभर वास सुटला, आणि आई रडली.’

हे पत्र मी टाकलेले नाही. आवरलेलेही नाही. तूर्त ते समोरच ठेवले आहे.